जुना हंडा, नवी बिदरी आणि 'निजामकालीन' म्हणून विकली जाणारी नवी वस्तू

जुनं तांबं-पितळ किंवा बिदरी (काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवलेली वस्तू) घ्यायला निघालं की आपल्याकडे तीन प्रकारचा माल पुढे येतो. पहिला खरोखर जुना, कुणाच्या घरातून मोडीत निघालेला. दुसरा आजच्या कारागिराने घडवलेला आणि नवा म्हणूनच विकलेला. तिसराही नवाच, पण ॲसिड आणि काजळी लावून 'निजामकालीन' म्हणून ठेवलेला. पहिल्या दोन्हींत पैसे सार्थकी लागतात. तिसऱ्यात मात्र पितळेला पुराणवस्तूचा भाव जातो.

माझं ठाम मत असं की रंग पाहून वय ठरवू नये. काळेपणा, हिरवेपणा एका रात्रीत आणता येतो. झीज आणणं अवघड, कारण ती हात, पदर, राख आणि जमीन यांनी मिळून केलेली असते आणि जिथे ती व्हायला हवी तिथेच होते.

पितळी हंड्याचंच घ्या. जुना हंडा तांबटाने पत्रा ठोकून घडवलेला असतो, तोही एका तुकड्याचा नसतो. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. पोटाच्या मधोमध किंवा गळ्याखाली झाळलेला सांधा दिसेल, कधी दातेरी, आजूबाजूच्या पितळेपेक्षा जरा वेगळ्या रंगाचा. काठ चिमटीत धरून गोल फिरवला की जाडी कुठे कमी, कुठे जास्त लागते. लेथवर दाबून काढलेल्या हंड्याला सांधा नसतो आणि उजेड तिरपा धरला की बारीक एककेंद्री वर्तुळं दिसतात. अशी वर्तुळं दिसली म्हणजे हंडा कालचाच असं नाही, पण तो 'शिवकालीन' नक्कीच नाही. हल्ली लेथवरच्या भांड्यावर शोभेसाठी ठोके मारून 'घडीव' म्हणतात. ते ठोके एका मापाचे, रांगेत बसलेले असतात. तांबटाचा ठोका आकार देण्यासाठी पडलेला असतो, म्हणून वळणावर दाट आणि सपाटीला विरळ होतो.

मग नाव बघा. पूर्वी भांडं घेतलं की छिन्नीने नाव घालून घ्यायची रीत होती. हाताने घातलेल्या अक्षरात प्रत्येक घाव सुटा असतो, खोली कमी-जास्त असते आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने कडा बोथट झालेल्या असतात. मशीनने घातलेलं नाव म्हणजे एकसारख्या ठिपक्यांची सलग रेघ. अंग जुनाट दिसतंय पण अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात, असं असेल तर हंडा खाली ठेवा. स्वयंपाकाच्या पितळी भांड्यात, काठाखालच्या कोपऱ्यात, करड्या कल्हईचा अंश राहिलेला सापडतो. तो नसेल आणि आतून सगळं सारखंच पिवळं असेल, तर का ते विचारा.

समईची परीक्षा तिच्या आट्यांत आहे. जुन्या समईच्या दांडीचे आटे हाताने पाडलेले असतात. त्यामुळे एक भाग दुसऱ्या समईला बसत नाही, आपल्याच जागी, तोही ठरावीक बाजूने बसतो. नवीचे आटे मशीनवरचे, कुठलाही भाग कशालाही बसतो. बुडाखाली ग्राइंडरचे अर्धगोल ओरखडे आणि ओतकामाच्या बारीक खड्ड्यांत बुटाच्या पॉलिशसारखा काळा रंग दिसला, तर बाकी काही बघायची गरज नाही.

हिरव्या कळंकाबद्दल लोक फार फसतात. जी समई दर सणाला चिंच-राखेने घासली जाते, ती हिरवी कशी राहील? तिची नक्षी गुळगुळीत झालेली असायला हवी, मोराचा डोळा पुसट झालेला असायला हवा. जाड हिरवा थर आणि त्याखाली धारदार नक्षी, ही जोडी नवसागर आणि व्हिनेगरची. असा थर बऱ्याचदा पावडरीसारखा अंगठ्याला लागतो, खरा कळंक चिवट असतो.

बिदरीचं गणित निराळं आहे. बिदर आपल्या उदगीर-देगलूरच्या पलीकडेच, 1956 पर्यंत मराठवाड्यासोबत हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांतून अजून पानदान, सुरई निघतात. संभाजीनगरातही हे काम चालतं. धातू मुख्यतः जस्त, साधारण 16 भागांना एक भाग तांबं. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, मग किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून तो लेप गरम वस्तूवर चोळतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. म्हणून खऱ्या बिदरीत काळेपणा धातूचाच असतो. नकलीत तो रंग असतो, खाली ॲल्युमिनियम आणि वर छापलेली पांढरी नक्षी. बुडाला न दिसणाऱ्या जागी नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा कापूस फिरवा, रंग असेल तर बहुधा कापसावर येतो. वजन तर खोटं बोलत नाही. पाण्यात बुडवल्यावर 100 मिली पाणी सारणारी भरीव बिदरी वस्तू 700 ग्रॅमच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमची 270 ग्रॅम. जुन्या बिदरीत कुठे चांदी निसटलेली असेल तर तिथे कोरलेली खाच दिसते. नकलीत नक्षी उडाली की खाली सपाट.

तरीही, शौक म्हणून बिदरी घ्यायची असेल तर मी नवीच घ्या म्हणेन, करणाऱ्याच्या हातून. कसब तेच आहे, चांदी तीच आहे आणि पैसा कारागिराच्या घरी जातो. जुन्या बिदरीचं वय ठरवणं जाणकाराचं काम आहे, जाणकार सोबत नसेल तर वयाचे पैसे देऊ नयेत. पितळेत मात्र उलट: जुना हंडा मोडीच्या भावापेक्षा थोडा जास्त देऊन मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. धातूची किंमत तर हातात राहतेच, शिवाय तशी घडण करणारे तांबट आता कमी उरलेत.

नाण्यांत एकच सांगतो. राम-सीता किंवा हनुमान असलेलं, 1818 सालचं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. आजीच्या डब्यातला चारमिनारचा हाली रुपया (निजामाच्या हैदराबाद राज्याचा) मात्र खरा असू शकतो, तो 11.18 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. कडेवर साच्याची रेघ दिसली तर ओतीव नक्कल.

जुनी धातुमूर्ती कुणी दाखवली तर सावध राहा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे 100 वर्षांवरच्या अशा मूर्तीची नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. 'शेतात सापडली' असं सांगितलं तर हातही लावू नका, जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हा कायदा 1878 पासून आहे. डोळा तयार करायचा असेल तर आधी तेर आणि पैठणच्या शासकीय संग्रहालयांत एकेक दिवस काढा.

आणि घेताना बिलावर 'पितळी हंडा, अंदाजे इतका जुना' असं लिहून मागा. तोंडी शंभर वर्षं सांगणारा दुकानदार कागदावर लिहायला तयार नसेल, तर पितळेच्या भावाने बोला.