पावतीवर नाव दुसरंच होतं

हे लिहायला मला चौदा महिने लागले. लाज वाटत होती. मी पतसंस्थेत एकोणीस वर्षं काउंटरवर बसते, लोकांचे पैसे मोजते, आणि माझ्याच घरातले १,१०,७१३ रुपये हॉलिडे क्लबच्या नावाखाली गेले हे कुणाला सांगणार? माहेरी अजून माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीत एका प्रदर्शनाच्या दारात तसाच कूपनचा डबा दिसला, तशीच गोड बोलणारी पोरं दिसली, आणि मग गप्प बसवेना.

पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. प्रदर्शनात कूपन भरायचं, पंधरा दिवसांनी फोन येतो, तीन दिवस दोन रात्री मोफत, फक्त गिफ्ट घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं आणि येताना कार्ड आणायचं. दोघांना का बोलावतात ते आता कळतंय. "घरी विचारून सांगते" म्हणायची सोयच राहत नाही. बक्षीस द्यायला कुणाला कार्ड लागत नाही, हेही तेव्हाच कळायला हवं होतं. जायचंच असेल तर कार्ड घरी ठेवून जा. मोबाईलवरून पैसे पाठवायचं ॲपही त्या दिवसापुरतं काढून टाका.

आम्ही हावरटपणा केला असं कृपा करून कुणी म्हणू नका. आम्ही दरवर्षी मे महिन्यात एस.टी.ने गगनबावड्यावरून मालवणला जाणारी माणसं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझं आणि लेकीचं अर्ध्यातच भागतं, सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या म्हणून फुकट. चौघं एका घरगुती खोलीत राहतो, डबा बरोबर असतो. लेक दहावी झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा काही मागितलं, "आई, एकदा केरळला जाऊया." मिस्टर शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत, एकदम आठवडाभर रजा वर्षातून एकदाच. दिवाळीत हॉटेलचे दर विचारले आणि गप्प बसलो. त्याच महिन्यात हा फोन आला.

रविवारी संध्याकाळी गावातल्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. गोल टेबलं, शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये इतक्या मोठ्यानं गाणी, कुणी सभासद झालं की टाळ्या. आमच्या टेबलावरचा मुलगा मला ताई आणि मिस्टरांना दाजी म्हणत होता. त्यानं कागदावर हिशोब मांडला: खोली दिवसाला ४,०००, वर्षाला सात दिवसांचे २८,०००, दहा वर्षांचे २,८०,०००. सभासदत्व १,४५,००० चं, आज सही केली तर ९५,०००, आणि तेही पंचवीस वर्षांसाठी. मी तो हिशोब तपासला. आकडे बरोबर होते. माझी चूक आकड्यांत झाली नाही. मागाल तेव्हा खोली मिळेल हे मी धरून चालले, आणि ते त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दोन तास झाले होते. सासूबाई घरी एकट्या, लेकीचे दोन फोन येऊन गेले. २५,००० फोनवरून पाठवले, ७०,००० क्रेडिट कार्डावर, बारा हप्त्यांत. करार अकरा पानांचा. तो मुलगा पानं स्वतःच उलटत होता, वरचा मजकूर तळव्याखाली आणि सहीची जागा तेवढी उघडी. मशीनमधून पावती आली. तिच्यावर भिंतीवरच्या फलकावरचं नाव नव्हतं, दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा. "ती आमची मूळ कंपनी आहे, ताई." मी मान हलवली, पावतीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

चौदा महिने मी याच क्षणापाशी अडकले आहे. आमच्या काउंटरवर कुणी स्लिपवर नावात एक अक्षर चुकवलं तरी मी ती परत करते. म्हातारी माणसं पुन्हा रांगेत उभी राहतात, मला बोल लावतात, तरी करते. आणि त्या दिवशी पूर्ण नाव वेगळं असताना मी गप्प बसले, कारण मिस्टरांसमोर आणि त्या पोरासमोर संशयी दिसायला नको वाटलं. टाळ्या वाजत होत्या. आमच्यासाठीही वाजल्या.

पुढचं थोडक्यात. मेसाठी केरळ मागितलं तर गर्दीच्या तारखा, मिळणार नाही. दिवाळीला मागितलं तर साठ दिवस आधी सांगायला हवं होतं. पंच्याहत्तर दिवस आधी सांगितलं तर वार्षिक देखभाल भरल्याशिवाय बुकिंग उघडत नाही. ७,५०० अधिक जीएसटी, ८,८५० भरले. त्यानंतर फोन लागेना. ते मोफत तीन दिवसही कधी मिळाले नाहीत. हप्त्यांचं व्याज ५,८१६ आणि त्यावर १,०४७ जीएसटी मात्र कार्डावर बिनचूक येत राहिलं. न मिळालेल्या खोलीचे हप्ते मी वर्षभर भरले, कारण चुकवले असते तर पत खराब झाली असती, आणि पतसंस्थेत बसून ते परवडत नाही.

आता अधिकाऱ्यांचं. पोलीस ठाण्यात गेले तर अंमलदारानं करार बघायच्या आधीच सांगितलं, "दिवाणी बाब आहे, वकील बघा." सही तुमचीच ना? पिन तुम्हीच टाकला ना? शिकलेल्या दिसता. शेजारच्या बाकावरची माणसं ऐकत होती. तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोर बसून कार्ड दिलंय, हे ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही तेच. आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, अजून तक्रारदार घेऊन या. कुठून आणू? त्या हॉलमधल्या कुणाचं नाव मला माहीत आहे? माझ्यासारखेच तेही घरात तोंड बंद करून बसले असतील. हॉटेल म्हणालं, आम्ही फक्त हॉल भाड्यानं दिला. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या संमतीनं झालाय, आणि हरकत घ्यायची मुदत संपलीय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, काही दिवसांनी मेसेज आला की कंपनीकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणून तर तक्रार केली होती! यात माझ्या सहा रजा गेल्या. चोराला एक संध्याकाळ पुरली, मला सहा दिवस कुणी खुर्चीत बसा म्हणालं नाही.

ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. बँकेलाही लगेच, त्याच आठवड्यात लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. मला हे फार उशिरा कळलं.

सांगितलं ते आमच्या एका जुन्या ठेवीदारानं, निवृत्त कोर्ट कारकुनानं. करारात लिहिलं होतं की वाद झाला तर न्यायक्षेत्र फक्त त्यांच्या शहरातलं. ते वाचून मी आशा सोडली होती. ते ठेवीदार म्हणाले, २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मग मी इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. कागद जुळवायला पर्समधली ती पावती काढली तर कोरी. त्या मशीनच्या कागदावरची अक्षरं उडून जातात हे मला कामामुळे माहीत आहे, तरी झेरॉक्स काढली नव्हती. उन्हात धरली, ट्यूबलाइटखाली धरली, फक्त रकमेतला सात दिसतो. त्या कंपनीचं नाव आता कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये तेवढं उरलंय, तेच जोडलंय.

त्या रविवारी त्या हॉलमध्ये तुम्हीही असाल तर आधी पावती शोधा आणि आजच झेरॉक्स काढा. नाव कोणतं आहे ते वाचा आणि मला कळवा. आर्थिक गुन्हे शाखेला अजून तक्रारदार हवेत.