बाथरूम रिनोव्हेशन: कॉन्ट्रॅक्टर अर्ध्यावर पळाला, पावसाळ्यानंतरचा अनुभव

मुलुंड पूर्वेची जुनी बिल्डिंग, बाथरूम आणि टॉयलेट पूर्ण तोडून नवीन करायचं काम. कोटेशन दोन लाख चाळीस हजारांचं. टाइल, फिटिंग आणि रंग यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय, ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते टाइलच्या खाली काय असतं त्यावर, कारण माझे पैसे तिथेच बुडाले.

कॉन्ट्रॅक्टरने फ्लोअरची टाइल बसेपर्यंत सत्तर टक्के रक्कम उचलली. मग गावी लग्न, मग आईची तब्येत, मग फोन बंद. कमोड खोक्यात, डेब्रिजच्या गोण्या जिन्यात, आणि सोसायटीचं डिपॉझिट अडकलेलं. त्याच्याकडे टाइलचं काम करणारा मिस्त्री मात्र दोन दिवसांनी स्वतःहून दारात आला. त्याचीही मजुरी बुडाली होती. रोजंदारीवर त्याच्याकडूनच उरलेलं काम पुरं करून घेतलं, आणि उन्हाळाभर मी सगळ्यांना सांगत होते की नुकसान झालं, पण काम चांगलं झालं.

जुलैत ते मत बदललं. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, मग पाणी टपकायला लागलं. सगळे म्हणाले पावसाचं पाणी आहे, बाहेरच्या भिंतीतून येतंय. मी चार दिवस ते बाथरूम बंद ठेवलं. बाहेर धो धो पाऊस, आणि काकूंकडचं टपकणं थांबलं. म्हणजे गळती आमचीच. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे टॉयलेट-बाथरूममधल्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाचा, त्यामुळे काकूंच्या छताचं प्लॅस्टरही आम्हीच करून दिलं.

मिस्त्रीने नहाणी ट्रॅपभोवतीची (पाणी निचरून जातं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची) फरशी काढली. ट्रॅप आणि स्लॅब यांच्यामधली फट नुसत्या सिमेंट-वाळूच्या मालाने भरलेली, बोट घातलं तर माल निघून येत होता. कोटेशनमध्ये कोबा (टाइलखालचा गळती रोखणारा थर) आणि त्यावर वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन कोट लिहिलेले. प्रत्यक्षात सिमेंटच्या पाण्याचा एक हात. हे काम कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या माणसांकडून आधीच उरकून घेतलं होतं, मिस्त्री आला तेव्हा ते झाकलं गेलं होतं. कोटेशनमध्ये पॉन्ड टेस्टही होती, म्हणजे पाणी साठवून गळती तपासणं. नहाणीचं तोंड बंद करायचं, सगळीकडे पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची, निदान अठ्ठेचाळीस तास ठेवायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं. खर्च फक्त पाण्याचा. मला सांगितलं गेलं की तुम्ही ऑफिसला गेलात तेव्हा टेस्ट झाली. काकूंना विचारलं, तर त्यांचं छत बघायला कोणीच आलं नव्हतं. पळून जाण्यापेक्षा मला या खोटेपणाची जास्त चीड आहे. पैसे खाल्लेला माणूस निदान कळतो. टाइलखाली झाकलेली फट सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या घरात फुटते.

दुसऱ्यांदा मिस्त्रीने नहाणीभोवतीच्या फटीत ग्राउट (फटी घट्ट बुजवणारं मिश्रण) भरलं, कोबा नव्याने केला, माझ्यासमोर दोन कोट मारले. पाणी भरल्यावर खूण मी केली, फोटो काकूंनी काढले. कोरडं छत बघूनच टाइल लावू दिली. उताराकडेही आता पाणी नीट वाहतं. मिस्त्रीच्या कामाला पूर्ण गुण.

कॉन्ट्रॅक्टरबाबत पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की हा दिवाणी वाद आहे. अर्जाची पोच मात्र मागून घेतली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, आणि वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून त्याचा पत्ता बदलला तरी अडत नाही. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. वकील न लावताही चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि फरशी काढतानाचे फोटो जोडलेत. रोखीने दिलेल्या पैशांवर तो सही द्यायला टाळाटाळ करायचा, म्हणून प्रत्येक वेळी मी रक्कम लिहून मेसेज टाकायचे आणि तो "ओके" लिहायचा. आज तेच कामाला येतंय.

नवीन काम काढणाऱ्यांना एवढंच सांगेन: टाइलच्या आधीचा हप्ता पॉन्ड टेस्टला बांधा, आणि छत खालच्या घरात स्वतः जाऊन बघा. सध्या केसमध्ये नोटीस निघाली आहे, कॉन्ट्रॅक्टरचं लेखी उत्तर यायचंय.