जुनी ३१५ रायफल की बाराबोअरची दुनळी?

रानडुकरांपासून बाग राखायला जुनी बंदूक घ्यायची आहे? लष्करी ३०३ रायफल आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणारी, त्यामुळे बागायतदाराची जुन्यातली निवड बहुधा या दोघींतच. ३१५ ची घडण ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचीच. आधी रिकामी आहे ना बघा, मग बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून नळीत उजेड टाका. कोकणच्या खाऱ्या हवेत आतल्या चरांत (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांत) गंजाचे खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत, नेम मात्र जातो. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेस (बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा) गेजने तपासून घ्या, नाहीतर काडतुसाची केस फाटू शकते.

दुनळीत चर नसतात, वरवरचा गंज चालतो. बिजागरी ढिली किंवा नळीला फुगवटा असेल तर मात्र सोडून द्या. ६५ मिमी चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) ७० मिमीचं काडतूस नको. घरं जवळ असतील तर दुनळीच बरी, रायफलीची गोळी अख्खी वाडी ओलांडते. आणि रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळीच लागते.