कानामागचं श्रवणयंत्र की कानाच्या आत बसणारं?

वयानुसार ऐकू कमी येतं ते बहुधा दोन्ही कानांनी, आणि आधी जातात उंच पट्टीचे आवाज: ‘स’, ‘फ’, मागून येणाऱ्या पावलांची चाहूल. मग माणूस दचकून वळतो, तोल जातो, हळूहळू चालणंच कमी करतो. म्हणून यंत्र दिवसभर कानात राहायला हवं. माझ्या मते निवड तिथेच ठरते.

कानाच्या अगदी आत बसणारं छोटं यंत्र दिसत नाही, चष्म्याच्या काडीला अडत नाही. पण त्यातली १० नंबरची बॅटरी जेमतेम ५.८ मिलिमीटर रुंद! सांधे आखडलेल्या बोटांनी तिच्यावरची चिकटपट्टी सोलायची, ती उलटी न घालता बसवायची… दोनदा खाली पडली की यंत्र डबीतच राहतं. शिवाय मळही लवकर साचतो.

कानामागचं पकडायला सोपं. बॅटरी ७.९ मिलिमीटरची, १३ नंबरची, नाहीतर सरळ चार्जिंग. जास्त बहिरेपणालाही ते पुरतं. मास्क काढताना मात्र जपावं लागतं.

शर्टाचं बटण लावणं जड जात असेल, तर मी कानामागचंच घ्यायला सांगेन. आणि घेण्याआधी यंत्र घालणं-काढणं आजी-आजोबांनाच करू द्या, शेजारी बसलेल्या मुलाने नव्हे.