‘३० दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत’: केसांच्या किटमागचा हिशेब

‘३० दिवसांत फरक दिसला नाही तर पूर्ण पैसे परत.’ केस विरळ होऊ लागलेल्या कुणालाही हे वाक्य दिलासा देतं. जोखीम सगळी विकणाऱ्याची, आपलं काय जातंय! मी घेतलेलं केसगळतीचं किट विकणाऱ्या कंपनीचा खरा डाव त्या ३० या आकड्यातच होता. मला तो पैसे गेल्यावर कळला, म्हणून आधी तोच सांगते.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. प्रत्येक केस आधी काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते. पुढे सुमारे ३ महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी गळतो. म्हणजे आज गळणाऱ्या केसाचं भवितव्य दोन-तीन महिन्यांपूर्वीच ठरलेलं असतं. आज टाळूला लावलेलं काहीही लागू पडलं की नाही, हे समजायलाही निदान तीन-चार महिने जातात. मिनॉक्सिडिल हे केसांसाठी खरोखर उपयोगी ठरलेलं औषध, पण त्याचा निकाल बघायलाही डॉक्टर सहा महिने थांबायला सांगतात. मग महिन्याभरात फरक मोजणार कसा? मोजता येत नाही, आणि किट विकणाऱ्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तपासायची वेळ येण्याआधीच हमी संपलेली असते.

माझे केस एका मोठ्या तापानंतर गळू लागले. ताप उतरून दोन-तीन महिने झाले होते, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. भांग रुंद दिसायला लागला, कंगव्यात पुंजके यायला लागले. इंटरनेटवर शोधाशोध केली आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर एकाच कंपनीच्या जाहिराती. ‘मोफत केस तपासणी’ अशी प्रश्नावली होती. झोप, ताणतणाव, घरात कुणाला टक्कल आहे का, मग भांगाचे फोटो. निकाल आला: दुसरा टप्पा, मुळं अशक्त, तातडीनं उपचार हवेत. (पुढे एकदा मी माझ्या भाचीचे फोटो पाठवून तीच प्रश्नावली भरली. तिच्या वेणीला रबर दोनदा गुंडाळता येत नाही इतके दाट केस. तिलाही दुसरा टप्पा आणि तेच किट.)

किटमध्ये शाम्पू, सीरम, टॉनिक, गोळ्यांसारख्या चघळायच्या गमीज आणि बारीक सुयांचा एक रोलर होता. सोबत रोजच्या दिनक्रमाचा तक्ता. सकाळी हे, रात्री ते, रोलर रोज, केस धुणं ठरावीक दिवशीच. तक्ता मला आवडला होता, शिस्तीचं काहीतरी हातात आल्यासारखं वाटलं. पण पैसे परत मागितले तेव्हा कळलं की तो तक्ता केसांसाठी नव्हताच. हमीच्या बारीक अक्षरांतल्या अटीनुसार प्रत्येक टप्पा रोज ॲपमध्ये नोंदवायचा, फोटोसकट. एक दिवस राहिला की ‘दिनक्रम खंडित’, हमी रद्द. पाच वस्तूंचा, सकाळ-संध्याकाळचा दिनक्रम महिनाभर एकही खाडा न करता पाळणारा माणूस क्वचितच सापडेल. तक्ता जितका किचकट, तितके कंपनीचे पैसे सुरक्षित.

केस धुण्याच्या ठरावीक दिवसांचीही गंमत आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण मानलं जातं. चार दिवस धुतलंच नाही तर तेवढ्या दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात. पोटात गोळा येतो, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक पुढचा हप्ता निमूट भरतं.

गळती वाढलीय असं कळवलं की त्यांची ‘हेअर एक्स्पर्ट’ फोन करायची. “मॅम, हे शेडिंग आहे. जुने केस जाऊन नवीन येतायत, म्हणजे किट काम करतंय.” हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच पटतं. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण विश्रांतीतले केस लवकर बाहेर ढकलले जातात. पण या सीरमच्या बाटलीवर त्या औषधाचं नावच नव्हतं. होते ते वनस्पतींचे अर्क आणि सुगंध. घटक किती प्रमाणात आहेत ते विचारल्यावर उत्तर आलं, ‘फॉर्म्युला गोपनीय आहे’. गळती कमी झाली तर औषधाचा गुण, वाढली तरी औषधाचाच गुण! हरायची सोयच ठेवलेली नाही.

फोटोंचंही तसंच. पहिला फोटो केस ओले करून, डोक्यावर दिवा ठेवून काढायला लावला होता. महिन्याअखेरचा ‘प्रगती फोटो’ मात्र केस कोरडे करून, खिडकीकडे तोंड करून. ओल्या केसांच्या बटा होतात आणि मधली टाळू उघडी पडते, वरून येणारा उजेड ती आणखी चमकवतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून ॲपनं मलाच माझी ‘प्रगती’ दाखवली. पैसे परत नाकारताना पुरावा म्हणून तेच फोटो पाठवले.

शेवटी टाळू लाल होऊन खाजायला लागली, बारीक फोड आले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ गाठले. रोलर त्यांनी तिथल्या तिथे बंद केला. रोज सुया टोचायच्या आणि वर सुगंधी सीरम चोळायचं, मग टाळू चिडणार नाही तर काय होईल! गमीजचा डबा बघून त्यांनी त्यात बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) किती आहे ते वाचलं आणि रक्ततपासणी पुढे ढकलली. बायोटिनची खरी कमतरता फारशी आढळत नाही, मात्र ते मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचाही आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. केस का गळतात हे शोधायला जी थायरॉइडची तपासणी करतात, तीच केसांसाठी घेतलेल्या गोळीनं बिघडावी, याला काय म्हणायचं?

डॉक्टरांनी पन्नासेक केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढली, किती सुटतात ते पाहिलं. भिंगातून भांग बघितला. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. निदान असं: मोठ्या तापानंतरची गळती, जी मूळ कारण गेल्यावर बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते, आणि भांगाजवळ काही केस बारीक होत चाललेले. त्या दुसऱ्या भागासाठी मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आलेलं औषध. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून टाळूला लावायचा द्राव तयार झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गरोदरपणात ते वापरत नाहीत, आणि सोडलं की कमावलेले केस काही महिन्यांत जातात, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं. माझा आताचा दिनक्रम एका ओळीचा आहे: कोरड्या टाळूला औषध, गरजेप्रमाणे साधा शाम्पू, अधूनमधून त्याच जागी, त्याच उजेडात एक फोटो.

तापानंतरची गळती सांगितल्याप्रमाणे थांबली. तोवर किट बंद होऊन बरेच दिवस झाले होते. तरीही कंपनीचा मेसेज आला, ‘कसे आहेत केस? रिव्ह्यू द्याल का?’ किट तेव्हाही चालू असतं तर मी मनापासून पाच तारे दिले असते. रिव्ह्यू विकत घेतलेले असतात असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्यातले बरेच प्रामाणिक असतील. केस आपसूक सुधारले, हातात बाटली कंपनीची होती, एवढंच.

माझं नुकसान पैशांवर भागलं. पण गळतीबरोबर टाळू दुखत असेल, लाल होत असेल, खपल्या धरत असतील, किंवा एखादी जागा गुळगुळीत पडत असेल तर प्रश्नावली भरत बसू नका. काही आजारांत केसांच्या मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाही. तिथे किटवर घालवलेले महिने कुठलीच हमी भरून देत नाही.

पैशांचं असं झालं. पहिला हप्ता भरताना दर महिन्याच्या आपोआप वसुलीला संमती दिली गेली होती, तीही ‘पुढे चला’ या बटणाखाली. ॲपमध्ये रद्द करायची जागा नाही, फोन केला की एक्स्पर्ट सवलत देते. शेवटी बँकेकडूनच वसुली बंद करवली आणि कंपनीला रद्द केल्याचा लेखी मेल केला. मेलनंतरही एक हप्ता कापला गेला. मेलची तारीख दाखवल्यावर बँकेनं तो परत मिळवून दिला, आधीचे गेले ते गेलेच.

मी तक्रार उघडपणे लिहिली तेव्हा ‘रिफंड विभागातून बोलतोय’ म्हणत एकाचा फोन आला. माझ्या ऑर्डरची माहिती माझ्याच पोस्टमधून उचललेली. परतावा द्यायला स्क्रीन दाखवणारं ॲप टाका आणि आलेला ओटीपी सांगा, म्हणाला. खात्यात पैसे जमा करायला आपला ओटीपी लागत नाही. मी फोन ठेवला, नंबर बँकेला कळवला आणि पोस्टमधला ऑर्डर क्रमांक खोडून टाकला.