इंग्लंडमध्ये मोटरहोमलाच घर केल्यानंतरचा अनुभव, आणि मागच्या ॲक्सलचा हिशेब

मागच्या ॲक्सलवरचे, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचे, कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) खचले तेव्हा मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन सहा महिनेही झाले नव्हते. साध्या खड्ड्यातही मागून दणका बसू लागला आणि ओट्याखालच्या कप्प्यातली भांडी खणखणू लागली, म्हणून विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागाला लिहिले. उत्तर दोन वाक्यांचे आले: गाडी सुट्टीतल्या वापरासाठी आहे, तिच्यात कायम राहिल्यास वॉरंटी लागू होत नाही, शिवाय गाडीत जास्त वजन भरले असणार. या दोन वाक्यांमुळेच हा अनुभव इतका सविस्तर लिहीत आहे, कारण मोटरहोममध्ये पूर्णवेळ राहण्याच्या बहुतेक अडचणी त्यांत येऊन जातात.

गाडी ३५०० किलो वजनमर्यादेची, पुढच्या चाकांवर चालणारी, मागे आडवा पलंग आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी दारे असलेला मोठा सामानकक्ष अशा मांडणीची आहे. ही मांडणी येथे सर्रास दिसते, त्यामुळे पलंगाची रुंदी, फ्रिजचे लिटर आणि सौरपॅनेलचे वॅट यांबद्दल लिहीत नाही. त्या बाबतीत तक्रार नाही.

पहिला मुद्दा ३५०० या आकड्याचा, कारण आपल्यापैकी बहुतेकांना त्याच्या वर जाताच येत नाही. भारतीय लायसन्स येथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालते आणि ते बदलून मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातून मिळणाऱ्या बी वर्गाच्या परवान्यावर डिझेलचे ३५०० किलोपर्यंतचेच मोटरहोम चालवता येते. ज्यांनी १ जानेवारी १९९७ पूर्वी येथे परीक्षा दिली, त्यांच्या परवान्यात सी१ वर्ग, म्हणजे ३५०० किलोंच्या वरच्या गाड्यांचा, आपोआप असतो. त्यामुळे कॅम्पसाइटवर भेटणारे साठीचे इंग्रज शेजारी ‘मोठी गाडी का नाही घेतली’ असे सहज विचारतात. आपल्याला सी१ हवा असेल तर वैद्यकीय तपासणी आणि वेगळी परीक्षा आली.

आता माहितीपत्रकातले गणित पाहा. माझ्या गाडीचे चालू स्थितीतले वजन ३०८० किलो छापले आहे, म्हणजे सामानासाठी ४२० किलो उरतात असे वाटते. त्या ३०८० मध्ये ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी धरलेली असते. पाणी मात्र टाकी १०० लिटरची असली तरी २० लिटरच धरले आहे. युरोपीय नियमांनुसार प्रत्यक्ष गाडी छापील वजनापेक्षा ५ टक्के कमी-जास्त भरली तरी चालते. ३०८० चे ५ टक्के म्हणजे १५४ किलो. गाडी जड बाजूला निघाली तर ४२० चे तिथेच २६६ झाले. त्यातून सोबतच्या माणसाचे ६० किलो, गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री आणि जादा बॅटरी यांचे ७० किलो आणि टाकी पूर्ण भरल्यास आणखी ८० किलो वजा करा. दोन माणसांच्या सगळ्या संसाराला ५६ किलो उरतात. आठवड्याच्या सहलीला ते पुरतील. हिवाळ्याचे कोट, अंथरूण-पांघरूण, अवजारे, कागदपत्रांची पेटी, लोखंडी तवा, कुकर आणि पोळपाट-लाटणे घेऊन राहणाऱ्याला पुरणार नाहीत.

विक्रेत्याचे उत्तर आल्यावर मी गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली आणि पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घेतला. आधी पुढची चाके पट्टीवर, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. थोडक्या पौंडांत छापील पावती मिळते, आणि इतक्या कमी पैशांत इतकी उपयोगी माहिती मला या देशात दुसरीकडे कुठे मिळालेली नाही. एकूण वजन ३४६० किलो भरले, म्हणजे मर्यादेच्या आत. पुढे १४०० आणि मागे २०६०. बॉनेटखालच्या पाटीवर मागच्या ॲक्सलची मर्यादा २००० आहे. गाडी एकूण वजनात कायदेशीर होती आणि ॲक्सलच्या वजनात बेकायदेशीर. तपासणीत ॲक्सलचे जादा वजनही वेगळे धरले जाते आणि जादा वजनाचा जागेवरचा दंड १०० ते ३०० पौंडांपर्यंत असतो. पण दंडापेक्षा विम्याची काळजी मोठी, कारण अपघातानंतर विमा कंपनी असे कागद शोधतेच.

हे कसे होते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण माहितीपत्रकात ते नसते. मागच्या चाकांच्या मागे ठेवलेले सामान तरफेसारखे काम करते. दोन ॲक्सलांमध्ये ४ मीटर अंतर असेल आणि सामान मागच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे असेल, तर १०० किलो सामानाचे मागच्या ॲक्सलवर सुमारे १३७ किलो पडतात आणि पुढचा ॲक्सल ३७ किलोंनी हलका होतो. पुढच्याच चाकांना इंजिनाची ओढ असल्यामुळे ओल्या गवतावर गाडी जागच्या जागी चाके फिरवू लागते. मैदानी साइटवरून ट्रॅक्टरने बाहेर काढलेली मोटरहोम्स नीट पाहिली तर त्यांतल्या पुष्कळ अशाच मांडणीच्या दिसतील. माझ्या सामानकक्षाच्या दारावर १५० किलोची परवानगी देणारे लेबल बांधणी करणाऱ्यानेच चिकटवलेले आहे. ती परवानगी पूर्ण वापरली तर मागच्या ॲक्सलवर दोनशेच्या वर किलो पडतात, आणि मागे पाण्याची टाकीही भरलेली असेल तर २००० ची मर्यादा पाळणे शक्यच राहत नाही. माझा राग या लेबलावर आहे. ग्राहकाने लेबलाप्रमाणे सामान भरायचे आणि नंतर त्याच्यावरच जास्त वजनाचा ठपका ठेवायचा, हे मला मान्य नाही.

मी हेच मुद्दे वजनाच्या पावतीसह लेखी कळवले. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार खरेदीनंतर सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. याशिवाय आपण वस्तू कोणत्या कामासाठी घेत आहोत हे आधी सांगितले असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, असेही तोच कायदा म्हणतो. गाडी घेण्यापूर्वीच्या ईमेलमध्ये ‘आम्ही दोघे हिच्यात वर्षभर राहणार आहोत’ हे स्पष्ट लिहिलेले होते. वॉरंटीच्या अटी काहीही असोत, त्यांनी हा कायदेशीर हक्क जात नाही. बरीच पत्रापत्री झाल्यावर कमानपाटे विनामूल्य बदलून मिळाले. सोबत हवेच्या फुग्यांचे जादा सस्पेन्शन स्वखर्चाने बसवण्याची सूचना आली, ती मी नाकारली. त्याने गाडी उंच राहते, पण पाटीवरची मर्यादा किलोभरही वाढत नाही.

येथे माझे मत बदलले, हे नोंदवतो. तोपर्यंत मला ३५०० चीच मर्यादा जाचक वाटत होती. नंतर दोन शिशाच्या बॅटऱ्या काढून चालकाच्या आसनाखाली एक लिथियम बॅटरी बसवली, अवजारे आणि धान्याचे डबे मधल्या बाकाखाली आणले, पाण्याची टाकी प्रवासात चतुर्थांशच भरायची ठरवली आणि सामानकक्षात फक्त हलक्या, जागा खाणाऱ्या वस्तू ठेवल्या. पुन्हा काट्यावर नेली तेव्हा पुढे १४९० आणि मागे १९१० भरले. गाडी वळणावर स्थिर झाली, पावसात पुढची चाके रस्ता धरू लागली. दोन माणसांना ३५०० किलोंत राहता येते. बांधणी करणाऱ्याने वजन कुठे टाकले आहे, हा खरा प्रश्न आहे.

पत्त्याच्या प्रश्नाची भीती मला जास्त होती, तो त्या मानाने सुटला. लायसन्सवर आणि येथील आरसी बुकावर, म्हणजे व्ही५सी वर, खरा पत्ता लागतो आणि बदल न कळवल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसावर असणाऱ्यांना ईव्हिसाच्या (व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीच्या) खात्यातही पत्ता अद्ययावत ठेवावा लागतो. लेस्टरच्या एका स्नेह्यांनी त्यांचा पत्ता वापरू दिला. मात्र ते एकटे राहत असल्याने त्यांना काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे येथल्या घरपट्टीत, २५ टक्के सवलत आहे, म्हणून ‘हा पत्ता फक्त टपालासाठी’ असे त्यांनी काउन्सिलला आधीच लेखी कळवले. कोणाचा पत्ता घेणार असाल तर त्या माणसाचे असे नुकसान होणार नाही हे आधी पाहा. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा कायद्याने लागत नाही. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून आपल्याला येथे मतदानही करता येते, आणि स्थिर घर नसणाऱ्यांसाठी मतदार यादीत स्थानिक संबंधाचे निवेदन देऊन नाव घालण्याची सोय आहे. विमा मात्र कसोटी पाहतो: नेहमीच्या पॉलिसीत कायमचे घर असल्याची अट असते, म्हणून पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीची वेगळी पॉलिसीच घ्यावी, आणि फोनवर नव्हे, कागदावर तसे लिहून घ्यावे.

रात्री कुठे थांबायचे हा रोजचा प्रश्न आहे. रस्त्याकडेला गाडीत झोपण्यास सर्वत्र लागू होणारी बंदी नाही, पण काउन्सिलच्या बहुतेक वाहनतळांवर रात्रीचा मुक्काम मना असतो. स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करण्याचा २००३ च्या कायद्याचा हक्क मोटारगाड्यांना लागू नाही, आणि तिथल्या लॉक लोमंड सरोवराच्या परिसरातल्या ठरावीक भागांत मार्च ते सप्टेंबर परवान्याची जागा घ्यावी लागते. कॅम्पसाइट्सचे परवाने बहुधा सुट्टीच्या वापराचे असल्याने तिथला पत्ता मुख्य निवास म्हणून देता येत नाही. आम्हाला सर्वांत मानवल्या त्या कॅम्पिंग क्लबच्या पाच गाड्यांच्या छोट्या शेतजागा. तिथे सलग २८ दिवसांची मर्यादा असते, भाडे कमी आणि मालक माणुसकीचे.

हिवाळ्याबद्दल थोडे. गॅस सिलिंडरमधले ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणे थांबवते, म्हणून थंडीत प्रोपेनच लागतो. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते; त्यात कुकरच्या शिट्ट्यांची भर पडली की पलंगाखालची फळी सकाळी ओली लागते. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी ठेवणे आणि गादीखाली जाळी घालणे, एवढ्याने आमचे भागले.

सी१ ची परीक्षा देऊन गाडी कागदोपत्री ३८५० ची करून घ्या, असा सल्ला अनेकांनी दिला. माझ्या पाटीवर पुढच्या ॲक्सलचे १८५० आणि मागच्याचे २००० आहेत, त्यांची बेरीज ३८५० होते, म्हणून तेवढे वाढवून मिळू शकते. पण त्यात मागचे २००० तसेच राहतात, वाढलेले ३५० किलो केवळ पुढे ठेवता येतील असेही नाही, आणि परीक्षेचा खर्च वेगळा. तो पैसा मी बाजूला ठेवला आहे. पुढची गाडी घेताना पलंग मधे आणि पाण्याची टाकी दोन ॲक्सलांच्या मधोमध असलेली पाहीन, आणि विक्रेत्याने दोन्ही ॲक्सलांची वजनकाट्याची पावती दाखवल्याशिवाय अनामत रक्कम देणार नाही.