सुताराकडून करून घेतलेलं बाहुलीघर : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत आम्ही मुलांसाठी प्लायवुडचं बाहुलीघर करून घेतलं. मोठी पाच वर्षांची, धाकटा तीनचा. रत्नागिरीचा अख्खा पावसाळा काढून ते आजही जागचं हललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

याआधी भेट म्हणून आलेला एक सुंदर बंगला घरात होता. तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा. जुलैमध्ये त्याचा तळ पावासारखा फुगला आणि स्क्रूंची भोकं सैल झाली. बिजागऱ्या तर त्याआधीच उपटल्या गेल्या होत्या. लहान मूल दार नुसतं उघडत नाही, त्याला लोंबकळतं. म्हणून नव्या घराला दारं नकोत, हे पहिलंच ठरलं.

आमच्या सुतारकाकांनी 12 मिमीचं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय घेतलं, पाऊण शीटमध्ये काम भागलं. लांबी अडीच फूट, उंची दोन फूट, पुढून मागे खोली 16 इंच. हे माप महत्त्वाचं. बाजारातली बरीच घरं अरुंद असतात आणि मूल रेललं की कलंडतात. खालचा मजला 13 इंचांचा ठेवला, कारण बार्बी साडेअकरा इंचांची असते आणि बहुतेक घरांत तिला वाकूनच राहावं लागतं.

घर दोन्ही बाजूंनी उघडं आहे. दोघं समोरासमोर बसून खेळतात, त्यामुळे भांडणं खूपच कमी झाली. पण पाठ नसली की चौकट तिरकी होते. त्यावर काकांनी बाजूच्या फळ्यांना खाचा पाडून मजले त्यांत बसवले, फेविकॉल लावून स्क्रू मारले आणि प्रत्येक मजल्यावर मधोमध एक भिंत उभी केली. प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडायला सांगाच, नाहीतर थर फाटतात. घर टिकलं ते या खाचांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. धाकटा गच्चीवर चढून बसतो, तरी कुठे कुरकुर नाही.

हो, गच्ची! उतरतं छप्पर मी मुद्दाम टाळलं. सपाट गच्चीला दोन इंचांचा कठडा आहे. मे महिन्यात आजीने खरे पापड घातले तेव्हा लेकीने कणकेचे नखाएवढे पापड लाटून तिथे रुमालावर वाळत घातले, आणि एक लाकडी कावळा राखणीला बसवला. इतकी जागा आयत्या घरात मिळाली नसती.

कडांना सागाची लिपिंग पट्टी लावून पॉलिश पेपरने गोल केली आहे, त्यामुळे वर्षभरात कुणाला कूस लागलं नाही. रंग पाण्यात मिसळणारा घेतला. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्या. नव्या प्लायला वास येतो. घर आधी काही आठवडे हवेशीर जागी उघडं ठेवा.

उणिवा आहेत. वजन चौदा किलोच्या आसपास, केर काढताना एकटीला सरकवता येत नाही. चाकं लावायचा मोह होतो, पण मूल रेललं की घर पळेल. रबरी बूटच बरे. आतल्या भिंतींना खळीने चिकटवलेले रंगीत कागद पावसात सुटले आणि त्यांना कसर लागली. आता तिथे नुसता रंग आहे. कठड्याचा एक खिळा वर आला होता, तो काढून स्क्रू मारला.

फर्निचरसाठी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भातुकली आणली. जातं, चूल, पोळपाट-लाटणं, सगळं जाड आणि मुठीत मावेल असं. परदेशी पद्धतीचं 1:12 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या एक बारांश मापाचं नाजूक सामान या वयाला अजिबात घेऊ नका, खुर्च्यांचे पाय पहिल्याच आठवड्यात जातात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुरक्षेची चाचणी 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्याने करतात. त्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते. भातुकलीतल्या लहान वाट्या मी म्हणूनच वर ठेवल्या आहेत.

कारखान्यात बनलेलं घर घेणार असाल तर आयएसआय चिन्ह पाहा. खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा त्यांच्या खेळण्यावर चिन्ह नसेल तर कडा आणि रंग स्वतः हात फिरवून तपासा.

साहित्य, मजुरी सगळं धरून खर्च पाच हजारांच्या आत आला. पुन्हा करून घेतलं तर मधली भिंत काढता-घालता येईल अशी ठेवीन, कारण धाकट्याला आता खालच्या मजल्यावर एसटीचा डेपो हवा आहे.